एकशे एकावे युनिट

महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकाप्रमाणे महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराला स्थिर आकार, वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरून सुमारे ८३० रुपये बिल येत होते. वापर दुप्पट झाला तर बिलही दुप्पट व्हावे, म्हणजे २०० युनिटांना १,६६० रुपये, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते २,१६० च्या घरात जायचे. ३०० युनिटांना जवळपास साडेतीन हजार. इंधन समायोजन आकार त्यावर वेगळा. अशा वेळी घरोघरी एकच शंका निघते, ‘मीटर पळतोय’. मग वायरमनला बोलावले जाते, मेन स्विच बंद करून मीटर फिरतो का ते पाहिले जाते, कधी मीटर तपासणीचा अर्जही दिला जातो. मीटरमध्ये बिघाड असू शकतो, पण बहुतेक वेळा तो निर्दोष असतो. बिल फुगते ते दराच्या पायऱ्यांमुळे.

त्या वर्षी पहिल्या १०० युनिटांचा दर वहन आकारासह ५ रुपये ८८ पैसे होता. १०१ ते ३०० युनिटांसाठी तो ११ रुपये ४६ पैसे, म्हणजे जवळजवळ दुप्पट. ३०० च्या पुढे पंधरा रुपयांच्या वर. १०० ची रेघ ओलांडली की सगळीच युनिटे महाग होतात हा समज सर्वदूर आहे आणि तो चुकीचा आहे. पहिली शंभर स्वस्तच राहतात, महाग होते ते एकशे एकावे आणि त्यापुढचे. पण या एकशे एकाव्या युनिटाची किंमत शुल्कासह १३ रुपये ३० पैशांच्या आसपास जात होती आणि घराच्या वीजखर्चाचे बरेचसे गणित तिथेच ठरते. वर्षागणिक दर थोडे खालीवर होतात. पायऱ्यांची ही रचना मात्र पक्की बसलेली आहे.

या रचनेमागचा विचार समजण्यासारखा आहे. कमी वीज वापरणारा गरीब, जास्त वापरणारा सधन. सधनाने थोडे जास्त द्यावे म्हणजे गरिबाच्या घरात दिवा राहील. हा विचार योग्यच आहे. प्रश्न रेघ कुठे ओढायची हा आहे.

अकोल्यातले एक साधे दोन खोल्यांचे घर घेऊ. मे महिना, पारा ४४-४५ अंशांवर. एक कूलर, १८० वॉटचा, दिवसरात्र मिळून चौदा तास चालतो: महिन्याला ७५ युनिट. दोन जुने छताचे पंखे, ७५ वॉटचे, सोळा-सोळा तास: ७२ युनिट. लहान फ्रिज ३० युनिट. दिवे, टीव्ही, मिक्सर, मोबाइल सगळे मिळून २५. बेरीज २०० च्या वर गेली. या घरात एसी नाही, गिझर नाही, वॉशिंग मशीनही धरलेले नाही. तरी यातली निम्मी युनिटे दुप्पट दराच्या पायरीवर गेली आणि एकट्या कूलरचा खर्च महिन्याला हजार रुपयांवर पोचला. कोकणातल्या किंवा महाबळेश्वरच्या तितक्याच कमाईच्या घराला हा हजार रुपयांचा बोजा नाही. म्हणजे दरपत्रक ज्याला सधनता समजते, ती विदर्भात नुसती उष्णता असते. चंद्रपूरचे उदाहरण तर जास्तच बोचणारे आहे. महाराष्ट्रातले सर्वांत मोठे सरकारी, २,९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र त्या शहराच्या उशाला आहे. कोळशाच्या खाणी तिथे, राख तिथे, धूर तिथे आणि देशातल्या सर्वांत तापणाऱ्या शहरांपैकी ते एक. तिथल्या माणसाने कूलर लावला की तो वरच्या पायरीवर.

उन्हाळ्याचे चार महिने ज्या जिल्ह्यांत कूलरशिवाय म्हातारी माणसे आणि तान्ही बाळे राहूच शकत नाहीत, तिथे पहिल्या पायरीची मर्यादा हंगामापुरती १५० किंवा २०० युनिटांपर्यंत वाढवणे ही दयेची गोष्ट नाही. मूळ तत्त्व नीट लागू करायचे तर एवढे करावेच लागेल. सरकारकडून उष्माघाताच्या सूचना दरवर्षी निघतात. दुपारी बाहेर पडू नका, घरात गारव्याला राहा, असे त्यांत सांगितलेले असते. त्या गारव्याचे पैसे कोणत्या दराने भरायचे याचाही त्याच सरकारने विचार करायला हवा.

घराच्या आत काय करता येते तेही पाहिले पाहिजे, कारण ‘वीज वाचवा’ हा उपदेश भलत्याच ठिकाणी लागू होत असतो. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. बऱ्याच मीटरांवर त्याच्या शेजारी ३२०० हा आकडा छापलेला असतो. दिवा ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातले सगळे बंद करून एकेक वस्तू लावून पाहिली तर ती किती खाते ते डोळ्यांना दिसते. जुना पंखा एकटा चालू असेल तर दिवा साधारण पंधरा सेकंदांनी एकदा लागतो. सेट टॉप बॉक्सला जवळपास दोन मिनिटे लागतात. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की आठ-दहा सेकंद. आणि दोन हजार वॉटचा गिझर लावला की तो दिवा सेकंदाला जवळजवळ दोनदा लुकलुकतो, मोजताना धांदल उडते. ऊब किंवा गारवा निर्माण करणाऱ्या वस्तू आणि उजेड किंवा आवाज देणाऱ्या वस्तू यांच्यात केवढे अंतर आहे, ते या चाचणीइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. मोबाइलचा चार्जर भिंतीत राहिला म्हणून मुलांना ओरडणाऱ्या घरात सकाळी गिझर तासभर चालूच राहतो, हे दृश्य नवीन नाही.

गिझरचा हिशोब साधा आहे. वीस लिटर पाणी अठरा अंशांनी तापवायला सुमारे ०.४ युनिट लागते. चार माणसांच्या आंघोळीला दिवसाला दीड-पावणेदोन युनिट, महिन्याला पन्नास. वरच्या पायरीवर त्याचे साडेसहाशे रुपये. कोल्हापूर-सांगलीकडे अजून काही घरांत बंब आहेत, पुण्यात गच्च्यांवर सौर बंब आहेत. ज्यांना शक्य आहे त्यांच्यासाठी सूर्यावर पाणी तापवण्याइतका फायद्याचा दुसरा उपाय नाही. एसीच्या बाबतीत ऊर्जा दक्षता ब्यूरोचे म्हणणे असे की तापमान एक अंश वर ठेवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते. म्हणूनच जानेवारी २०२० पासून एसी सुरू होताना आपोआप २४ अंशांवर यावा असा नियम झाला. तारांकनाच्या लेबलावर छापलेला वार्षिक वापर वर्षाला १,६०० तास धरून काढलेला असतो हेही लक्षात ठेवावे. ज्याच्याकडे एसी रात्री दोन तासच चालतो त्याने पाच तारांसाठी जास्तीचे दहा हजार मोजण्यात फारसा अर्थ नाही. ज्याच्याकडे दुकान आणि घर एकत्र आहे त्याने ते डोळे मिटून मोजावेत.

पंख्यांचे काय? बीएलडीसी पंखा २८ ते ३० वॉटमध्ये तेवढाच वारा देतो. अकोल्याच्या त्या घराने दोन्ही पंखे बदलले तर मे महिन्यात ४३ युनिट वाचतील, म्हणजे पावणेसहाशे रुपये. सहा-साडेसहा हजारांचा खर्च दीडेक वर्षात निघून येईल. पण महिन्याला साठ युनिट वापरणारे एका खोलीतले कुटुंब पंखा बदलते तेव्हा त्याचे वाचलेले युनिट पहिल्या पायरीचे असते, शुल्कासह पावणेसात-सात रुपयांचे. म्हणजे बचत निम्मी आणि पंख्याची किंमत मात्र तीच. शिवाय तीन हजार रुपये एकरकमी हातात नसतात. काटकसरीचा उपदेश ज्याला सर्वांत जास्त केला जातो, त्यालाच काटकसरीचे साधन सर्वांत महाग पडते.

ही कोंडी सोडवता येते आणि ती एकदा सोडवलीही गेली आहे. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एलईडी बल्बची किंमत ३१० रुपये होती. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली, ईईएसएल या सरकारी कंपनीने कोट्यवधी बल्बच्या एकगठ्ठा निविदा काढल्या आणि २०१६ पर्यंत तीच किंमत ३८ रुपयांवर आली. ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. साठ वॉटच्या पिवळ्या दिव्याच्या जागी नऊ वॉटचा दिवा खेड्यापाड्यांतल्या झोपड्यांपर्यंत पोचला. तो कुणाच्या जागरूकतेमुळे पोचला नाही, स्वस्त झाला म्हणून पोचला. पंख्यांचे तारांकन जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले हे चांगले झाले, पण लेबलाने किंमत उतरत नाही. दिव्यांसाठी जी एकगठ्ठा खरेदी झाली, तेवढ्याच जिद्दीने पंख्यांसाठी व्हायला हवी. भारतात घरगुती विजेचा मोठा वाटा पंख्यांना जातो आणि जवळजवळ प्रत्येक घरात पंखा असतो.

इथवर झाली युनिटांची गोष्ट. बिलाचा दुसरा घटक म्हणजे दर, आणि तो कमी करणे घरातल्या कुणाच्याही हातात नाही. तरीही विजेवर होणाऱ्या चर्चेत नव्वद टक्के वेळ दिवे मालवण्यावर जातो. महावितरणच्या खर्चाचा साधारण तीन चतुर्थांश भाग वीज विकत घेण्यावर जातो. ती खरेदी पंचवीस-पंचवीस वर्षांच्या करारांनी बांधलेली असते. आज बिलात येणारा रुपया कधी तरी पूर्वी, कुठल्याशा कराराच्या एखाद्या कलमात ठरलेला असतो.

महाराष्ट्राने याचा धडा फार महागात घेतला आहे. डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ वीज कंपनीशी खरेदी करार केला. त्याच वर्षी जागतिक बँकेने प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही म्हणून कर्ज द्यायला नकार दिला होता. करार असा होता की वीज घ्या वा न घ्या, क्षमतेचे पैसे द्यावेच लागतील, आणि ते डॉलरशी बांधलेले. १९९५ मध्ये नव्या सरकारने प्रकल्प रद्द केला आणि थोड्याच काळात पुन्हा वाटाघाटी करून मोठा करून स्वीकारला. मे १९९९ मध्ये गुहागर तालुक्यात पहिला टप्पा सुरू झाला तो नाफ्थ्यावर. पुढे तेल महागले, रुपया घसरला, आणि काही महिन्यांत ही वीज सात रुपये युनिटच्या वर गेली. मंडळाला ती घेणे परवडेना आणि न घेणेही परवडेना. २००१ मध्ये माधव गोडबोले समितीने करारातले दोष स्पष्ट मांडले, मंडळाने खरेदी थांबवली आणि डिसेंबरात अमेरिकेत खुद्द एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेतल्या मंडळींनी कराराची आकडेमोड आधीच लोकांपुढे ठेवली होती. त्या वेळी करार गोपनीय होते, सुनावणी नव्हती, वीज नियामक आयोग नव्हता. २००५ नंतर महाराष्ट्राने जी अनेक वर्षे भारनियमनात काढली, त्यात या वाया गेलेल्या दशकाचा वाटा मोठा आहे. एका प्रकल्पाच्या नादात नवी क्षमता उभी राहिलीच नाही.

वीज न घेता क्षमतेचे पैसे देण्याची पद्धत मात्र एन्रॉनबरोबर गेली नाही. कुणी प्रकल्प उभारायचा तर त्याला कर्जाची आणि गुंतवणुकीची हमी लागते, त्यामुळे ती पूर्ण टाळता येत नाही. पण मागणीचा अंदाज फुगवून जास्तीचे करार केले की बंद ठेवलेल्या संचांचे पैसेही ग्राहक भरत राहतो. याची उलट बाजूही आहे. मुंद्र्याच्या ४,००० मेगावॉटच्या प्रकल्पातून महाराष्ट्राला वीज मिळावी म्हणून जो करार झाला, त्याचा सरासरी दर २ रुपये २६ पैसे होता. ऐकायला किती छान! पण तो इंडोनेशियाच्या कोळशावर उभा होता. त्या देशाने २०१० मध्ये कोळशाच्या किमतीचे नियम बदलले आणि कंपनीने हात वर केले. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परदेशातला कायदा बदलणे ही अटळ आपत्ती नव्हे, बोली लावलेल्याने धोका सोसावा. निकाल ग्राहकाच्या बाजूने लागला. स्वस्त वीज मात्र त्या प्रमाणात आलीच नाही. २०२२ च्या टंचाईत केंद्राला आयात कोळशावरचे प्रकल्प वीज कायद्याच्या कलम ११ खाली चालवायला लावावे लागले आणि वाढीव इंधनाचा खर्च वीज घेणाऱ्यांवर पडला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये वीज बाजारातला भाव इतका चढला की कमाल दर युनिटला १२ रुपयांवर रोखावा लागला. त्या वर्षी घरगुती बिलांत इंधन समायोजन आकाराच्या ओळीत जो आकडा दिसला, त्याची मुळे जकार्ता आणि युक्रेनपर्यंत गेलेली होती.

कोळसा देशी असला तरी त्याच्यावर इतर बरेच काही लादलेले असते. एका युनिटाला साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा लागतो. २०१६ ते सप्टेंबर २०२५ पर्यंत प्रत्येक टनावर ४०० रुपये उपकर होता, म्हणजे युनिटामागे पाव रुपयाच्या आसपास. आधी तो स्वच्छ ऊर्जेच्या नावाने, नंतर जीएसटी भरपाईच्या नावाने घेतला गेला. रेल्वेचे मालभाडे वेगळे. प्रवासी तिकिटे स्वस्त ठेवता यावीत म्हणून रेल्वे मालवाहतुकीकडून जास्त वसूल करते आणि त्यात कोळसा अग्रभागी असतो. पॅसेंजरचे तिकीट स्वस्त लागते त्याची थोडी भरपाई त्याच प्रवाशाच्या घरच्या दिव्यातून होत असते. आणि या सगळ्या बेरजेवर शेवटी १६ टक्के वीज शुल्क. ते टक्क्यांत असल्याने कोळसा महागला की राज्याच्या तिजोरीत आपोआप जास्त पैसे येतात. स्थिर आकारावरही ते लागते. संकटाच्या वर्षी ग्राहकाला दिलासा द्यायचा तर सर्वांत सोपा मार्ग राज्य सरकारच्याच हातात आहे, आयोगाच्या किंवा महावितरणच्या नाही. हे जाहीरपणे फार कमी वेळा बोलले जाते.

आता सर्वांत नाजूक विषय: शेतीची वीज. शहरी ग्राहकाचा राग पटकन शेतकऱ्यावर निघतो, की तो फुकट घेतो आणि आम्ही भरतो. एप्रिल २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज आहे. ४४ लाख शेतकरी, आणि त्यासाठी वर्षाला सुमारे १४,७६० कोटी रुपये. काही भार सरकार उचलते, काही उद्योगांच्या आणि वरच्या पायऱ्यांवरच्या घरांच्या दरातून येतो. ही झाली अर्धी हकिकत. उरलेली अर्धी शेतकऱ्याच्या तोंडून ऐकावी. त्याला वीज मिळते ती आठ-दहा तास, अनेक ठिकाणी रात्री. थंडीत, साप-विंचवांच्या आणि बिबट्याच्या भीतीत पाणी द्यायला जावे लागते. रोहित्र जळाले तर वर्गणी काढून, वाहन करून ते न्यावे लागते. अशा विजेला खऱ्या किमतीची वीज म्हणता येत नाही.

शिवाय लाखो पंपांना मीटर नाहीत किंवा असून बंद आहेत. तिथला वापर अंदाजाने मांडला जातो. शेतीचा वापर जितका जास्त दाखवला, तितकी गळती कागदावर कमी दिसते. चोरी, आकडे, जुनाट वाहिन्या, बिल न झालेली युनिटे हे सगळे शेतकऱ्याच्या नावावर खपवता येते. ‘प्रयास’ने आणि ग्राहक संघटनांनी हा मुद्दा वर्षानुवर्षे आयोगापुढे लावून धरला आहे. या धुक्याचा तोटा दोघांनाही होतो. शेतकरी फुकट्या ठरतो आणि शहरातला ग्राहक चोरीचे पैसे अनुदान समजून भरतो.

गळती कमी होत नाही असे मात्र नाही. भिवंडीत एके काळी निम्म्याहून जास्त विजेचा हिशोबच लागत नव्हता. २००७ मध्ये तिथले वितरण फ्रँचायझीला दिले गेले. मीटर बदलले, वाहिन्या बदलल्या, रोहित्रे वाढली, आणि काही वर्षांत गळती वीस टक्क्यांच्या आसपास आली. खासगीकरणाची प्रत्येक कथा अशी झाली नाही, हे छत्रपती संभाजीनगर आणि जळगावकरांना ठाऊक आहे. भिवंडीतून शिकण्यासारखे एवढेच की फिडरवर किती युनिट चढली आणि किती विकली गेली, हे रोज पाहणारा माणूस असेल तर फरक पडतो.

शेतीच्या बाबतीत सध्याची सर्वांत आशादायक गोष्ट म्हणजे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. २०१७ मध्ये ती सुरू झाली, २०२३ नंतर तिने वेग घेतला. गावाजवळच्या उपकेंद्राशेजारी सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीच्या फिडरला तिथूनच दिवसा वीज द्यायची. वीज पडते ती साधारण तीन रुपये युनिटने, लांबून आणलेल्या कोळशाच्या विजेपेक्षा बरीच स्वस्त. शेतकऱ्याला दिवसा पाणी देता येते आणि घरगुती ग्राहकावरचा बोजा हलका होऊ शकतो. दोघांचे भांडण लावणाऱ्या शंभर भाषणांपेक्षा असा एक प्रकल्प जास्त काम करतो. तो वाचलेला रुपया दरपत्रकात उतरतो की नाही, यावर डोळा ठेवणे आता ग्राहकांचे काम आहे.

सगळे फुकट द्यावे, हा उपाय अलीकडे अनेक राज्यांनी निवडला. दिल्लीत ऑगस्ट २०१९ पासून महिना २०० युनिटांपर्यंत बिल शून्य, ४०० पर्यंत निम्मी सवलत. कमाईच्या तळाशी असलेल्या घरांना याचा आधार झाला हे नाकारू नये. पण ४०१ वे युनिट आले की सवलत संपूर्ण जाते. मग एकाच घरात दोन मीटर घेण्याचा मोह होतो. गोव्यात वेगळेच चित्र आहे. तिथे घरगुती पहिल्या पायरीचा दर २०२४ पर्यंत दोन रुपयांच्या आत होता. सिंधुदुर्गातून पत्रादेवी ओलांडून गेलेल्या माणसाला बिल पाहून नवल वाटते. गोव्याकडे स्वतःची मोठी वीजनिर्मिती नाही. कोरबा, विंध्याचलसारख्या जुन्या, कर्ज फिटलेल्या केंद्रीय प्रकल्पांतला हिस्सा आणि सरकारी तिजोरीतला पैसा यांवर ती स्वस्ताई टिकली. महाराष्ट्राला ती तशीच उचलता येणार नाही. इथली मागणी कितीतरी मोठी आणि शेतीचा भार वेगळाच. एक गोष्ट मात्र घेता येईल: सवलत अर्थसंकल्पातून उघडपणे द्यावी, शेजारच्या ग्राहकाच्या दरात दडवू नये.

दडवल्याचा परिणाम आता दिसू लागला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या छतावरील सौर संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते. असा संच महिन्याला तीनशे-साडेतीनशे युनिट देतो. ज्याला वरच्या पायरीवर तेरा रुपये पडतात त्याची गुंतवणूक काही वर्षांत फिटते, म्हणून स्वतःची गच्ची असलेला बंगलेवाला तो आधी बसवतो आणि तसे करण्यात काहीच चूक नाही. पण तोच तर पहिल्या शंभर युनिटांचा भार उचलत होता. उद्योग खुल्या बाजारातून वीज घेऊन बाहेर पडतात, सधन घरे सूर्यावर जातात, आणि मागे उरतात फ्लॅटमधले, भाड्याच्या खोल्यांतले, चाळीतले ग्राहक. गच्चीवर त्यांचा हक्क नसतो, आणि हक्क असला तरी सोसायटीचे एकमत होत नाही. इतरांनी सोडलेला भार पुढच्या दरवाढीत यांच्याकडे येणार. म्हणून भाडेकरूला आणि फ्लॅटधारकाला दुसरीकडच्या सौर प्रकल्पातला वाटा आपल्या बिलात मिळण्याची सोय गल्लीपर्यंत पोचली पाहिजे, सोसायटीच्या सामाईक गच्च्यांना प्राधान्य मिळाले पाहिजे, आणि दिवसाच्या स्वस्त सौर विजेचा फायदा साध्या ग्राहकालाही व्हायला हवा. वेळेनुसार वापर नोंदणारे टीओडी मीटर असलेल्या घरांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू झाली, ही चांगली सुरुवात आहे. पण नवरा-बायको दोघेही कामावर आणि घर दिवसभर कुलूपबंद असलेल्या कुटुंबाला तिचा उपयोग थोडा. घरी शिलाई मशीन चालवणाऱ्या, पापड-शेवया करणाऱ्या, दुपारी दळण दळणाऱ्या बाईला तो भरपूर आहे, आणि तिला कुणी ते सांगितलेले नसते.

हे सगळे ठरते कुठे? ऑगस्ट १९९९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला तेव्हापासून दर मंत्रालयात ठरत नाहीत. वितरण कंपनीने प्रस्ताव मांडायचा, तो जाहीर करायचा, लोकांच्या सूचना-हरकती मागवायच्या, सुनावणी घ्यायची आणि मग आयोगाने कारणे देऊन आदेश काढायचा अशी रीत आहे. २००३ च्या वीज कायद्याने त्याला पक्का आधार दिला. हरकत घ्यायला वकील लागत नाही, फी लागत नाही. अमरावती, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, पुण्यात या सुनावण्या होत आल्या आहेत. तिथे मुंबई ग्राहक पंचायत असते, प्रताप होगाडे यांची वीज ग्राहक संघटना असते, ‘प्रयास’ असते, उद्योगांचे प्रतिनिधी जाड फायली घेऊन हजर असतात. घरगुती ग्राहक, ज्याची संख्या सर्वांत मोठी, तो जवळजवळ नसतो. यंत्रमागवाल्यांचे, स्टीलवाल्यांचे म्हणणे आकड्यांसह नोंदले जाते. अकोल्याच्या कूलरचे म्हणणे कुणी नोंदवत नाही.

२०२५ मध्ये तर किती वेगाने गोष्टी फिरतात ते दिसले. आयोगाने २८ मार्चला दर कमी करणारा आदेश दिला, वृत्तपत्रांत मथळे आले, आणि काही दिवसांतच महावितरणच्या मागणीवरून त्याला स्थगिती मिळाली. २५ जूनला सुधारित आदेश निघाला आणि १ जुलैपासून वेगळे दर लागू झाले. एवढ्या उलथापालथीत सामान्य ग्राहकाकडून नोंदवलेली हरकत विरळाच.

विदर्भ-मराठवाड्यातली एखादी ग्राहक संघटना, एखादे महिला मंडळ किंवा महाविद्यालयाचा अर्थशास्त्र विभाग पुढच्या सुनावणीआधी पन्नास-साठ घरांची एप्रिल ते जूनची बिले गोळा करू शकतो. प्रत्येक बिलावर मागच्या बारा महिन्यांचा वापर छापलेला असतोच. थंडीत ७० युनिट आणि मे महिन्यात २१० युनिट असा आलेख या बिलांत एकसारखा दिसला, तर पहिल्या पायरीची मर्यादा उष्ण जिल्ह्यांत हंगामानुसार बदलावी या मागणीला त्याहून भक्कम पुरावा लागत नाही. त्यासोबत दुसरी मागणी राज्य सरकारकडे: १०० ते ३०० युनिटांच्या घरांना उन्हाळ्यापुरते वीज शुल्क निम्मे करावे. तिसरी ईईएसएलकडे: पंख्यांची एकगठ्ठा खरेदी आणि बिलातून हप्त्याने वसुली, म्हणजे साठ युनिटवाल्या घरालाही तीन हजार एकदम काढावे लागणार नाहीत. पहिली मागणी आयोगाच्या कक्षेतली, दुसरी मंत्रिमंडळाच्या, तिसरी केंद्राच्या. तिन्हींचे अर्ज एकाच मराठीत, एकाच टेबलावर बसून लिहिता येतात, आणि बिले तर घराघरांत खिळ्याला अडकवलेली आहेतच.